वारा आधी संगणकात वाहू द्या : बनारसच्या एका पॉलीहाऊसची गोष्ट

आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण आहे साधा. पॉलीहाऊसमध्ये हवा कशी खेळते, ती खेळली नाही तर काय होतं आणि बांधकाम करण्याआधी संगणकावर तो वारा वाहवून बघता येतो का, एवढंच आज बोलायचं आहे. मी शेतीतज्ज्ञ नाही. सगळी नोकरी तोफखान्यात गेली. पण तोफखान्यातल्या माणसाला वाऱ्याचा हिशोब करावाच लागतो. गोळा तोफेतून सुटला की लक्ष्यावर पोचेपर्यंत वारा त्याला ढकलत असतो. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजून, तेवढी दुरुस्ती करून मगच तोफ डागायची असते. ही सवय निवृत्तीनंतर अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या पलटणीतले एक सुभेदार साहेब बनारसचे. शहराच्या पश्चिमेला, राजातालाबच्या पुढे त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. हा सगळा भाजीचा पट्टा. भारतीय भाजीपाला संशोधन संस्था याच भागात, जक्खिनीला आहे. निवृत्तीनंतर मिळालेले पैसे आणि बँकेचं कर्ज घालून त्यांनी पंचवीस गुंठ्यांपैकी दहा गुंठ्यांवर पॉलीहाऊस उभारलं. ठेकेदाराने नकाशा आणला तो पुण्याकडचा. तळेगाव दाभाड्याच्या पट्ट्यात गुलाब आणि जरबेरासाठी चालतो तसा : आठ-आठ मीटरचे चार गाळे, बत्तीस मीटर रुंद, बत्तीस मीटर लांब, गटरखाली साडेचार मीटर उंची, माथा साडेसहा मीटरवर. प्रत्येक गाळ्याच्या माथ्यावर पूर्वेकडे तोंड असलेली उघडी फट, म्हणजे टॉप व्हेंट. चारही बाजूंना वर-खाली होणारे पडदे आणि सगळीकडे चाळीस मेशची कीडरोधक जाळी.

पहिल्या वर्षी ढोबळी मिरची लावली. हिवाळा छान गेला. मार्चअखेर ऊन तापलं आणि फुलं गळू लागली. ढोबळी मिरचीला पस्तिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. फुलं येतात, पण फळ धरत नाही. मी मे महिन्यात गेलो तेव्हा दुपारी बाहेर अडतीस अंश होतं आणि आत मधल्या गाळ्यात सत्तेचाळीस. सुभेदार साहेब म्हणाले, "साहब, हवा तो चलती है, मगर अंदर नहीं आती." बँकेचा हप्ता सुरू झाला होता आणि शेजारच्या जागेत अगदी तसंच दुसरं पॉलीहाऊस उभारायची बोलणीही झाली होती. ते थांबवायचं की पुढे न्यायचं, हा खरा प्रश्न होता.

मी तिथल्या तिथे निदान करून टाकलं. म्हटलं, नकाशा पुण्याचा आणि वारा बनारसचा, म्हणून घोटाळा झालाय. हे निदान अर्धं बरोबर निघालं आणि अर्धं साफ चूक. ते कसं, तेच सांगतो.

आधी वाऱ्याची गोष्ट. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर जोराचा वारा वाहतो तो उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाळ्यात, आणि दोन्ही वेळा तो साधारण पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात दिशा पालटते, पण तेव्हा वाऱ्यात जोर नसतो. म्हणून आपल्याकडे टॉप व्हेंटचं तोंड पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला ठेवतात. पश्चिमेचा वारा छपरावरून जाताना त्या फटीपाशी हलकी ओढ तयार होते आणि आतली गरम हवा बाहेर खेचली जाते. पाऊसही आत येत नाही.

बनारसला उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो. त्याला तिथे पछुआ म्हणतात. तोच तापला की लू. पण पावसाळ्यात गणित बदलतं. मोसमी पावसाचा कमी दाबाचा लांबलचक पट्टा राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो आणि तो गंगेच्या खोऱ्यावरून जातो. हा पट्टा कधी उत्तरेला सरकतो, कधी दक्षिणेला. त्याच्या उत्तरेला वारा पूर्वेकडून वाहतो, दक्षिणेला पश्चिमेकडून. बनारस त्या पट्ट्याच्या जवळच असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे एका आठवड्यात पुरवैया असते आणि पुढच्या आठवड्यात वारा फिरलेला असतो. म्हणजे जी फट आडोशाला हवी, ती पावसाळ्यात कित्येक दिवस वाऱ्याच्या तोंडावर येते.

आता पॉलीहाऊसमधून हवा बाहेर काढणारी इंजिनं किती आहेत ते बघू. पंखे नसतील तर दोनच. एक वारा, दुसरं गरम हवेचं वर चढणं. दोन्हींची ताकद मोजता येते. दाब पास्कलमध्ये मोजतात. एक पास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर ठेवलेलं साधारण शंभर ग्रॅमचं वजन. आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी गरम असेल आणि खालच्या पडद्यापासून वरच्या फटीपर्यंत चार मीटर उंची असेल, तर वर चढण्याची ताकद भरते चौरस मीटरला सुमारे सत्तर ग्रॅम. उलट ताशी सात किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला दोन मीटर जाणारा मंद वारा देतो सुमारे दोनशे तीस ग्रॅम. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणजे साठ ग्रॅमच्या आत. थोडक्यात, सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर वारा मालक आणि त्यापेक्षा कमी असेल तर उष्णता मालक. वारा पडलेल्या दुपारी सगळा भार त्या सत्तर ग्रॅमवर असतो.

आणि काम किती मोठं आहे बघा. भर दुपारी दर चौरस मीटरवर आठशे वॅट ऊन पडतं असं धरा. प्लास्टिकमधून सत्तर टक्के आत आलं तर ५६० वॅट. पीक भरलेलं असेल तर त्यातली साधारण निम्मी उष्णता पानांतून पाण्याची वाफ होण्यात खर्च होते. उरलेले २८० वॅट हवेने बाहेर न्यायचे. हिशोब केला तर असं दिसतं की आतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलली, तर आत बाहेरच्यापेक्षा साधारण तीन अंश जास्त राहतं. तीच हवा बदलायला तीन मिनिटं लागली तर फरक नऊ अंशांचा होतो. दहा गुंठ्यांच्या पॉलीहाऊसमधल्या हवेचं वजन पाच टनांहून जास्त भरतं. फौजेतल्या दोन तीन-टनी गाड्या भरतील एवढी हवा दर मिनिटाला बाहेर ढकलायची आणि तेवढीच आत घ्यायची, तीही सत्तर-दोनशे ग्रॅमच्या दाबावर. मग वाटेतली प्रत्येक अडचण महागात पडते.

सुभेदार साहेबांकडे नऊ अंशांचा फरक होता. म्हणजे हवा मिनिटाला एकदा नाही, तीन मिनिटांना एकदा बदलत होती. हे वहीतल्या हिशोबावरून कळलं. पण हवा नेमकी कुठे अडते हे वही सांगू शकत नाही. त्यासाठी संगणकाकडे जावं लागतं.

संगणकावर वारा वाहवायचा म्हणजे काय करायचं? पॉलीहाऊस आणि त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा यांचे छोटे छोटे चौकोन पाडायचे. मांजरपाटाच्या कापडासारखी जाळी कल्पा. प्रत्येक चौकोनासाठी तीन जमाखर्च मांडायचे. हवा किती आली आणि किती गेली, तिला ढकलणारं बळ किती, आणि उष्णता किती आली आणि किती गेली. एका चौकोनातून निघालेली हवा शेजारच्या चौकोनात जमा झालीच पाहिजे. वाहत्या हवा-पाण्याची ही समीकरणं जुनी आहेत. फ्रान्सच्या नाविए यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमधल्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती मांडली. अडचण ती सोडवण्याची होती.

ही चौकोनांची युक्ती हवामानासाठी पहिल्यांदा हाताने करून पाहिली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रजाने. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. शस्त्र हाती घ्यायला त्याच्या धर्मश्रद्धेची मनाई होती. फावल्या वेळात त्याने २० मे १९१० या एका दिवसाच्या फक्त सहा तासांच्या हवामानाचं गणित मांडलं. त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तर सपशेल चुकलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असं आलं, जे पृथ्वीवर होत नाही. तरीही १९२२ मध्ये त्याने ते चुकलेल्या उत्तरासकट छापलं. पद्धत बरोबर होती, तिला खाऊ घातलेल्या आकड्यांत दोष होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा माणूस आपला आहे. सुहास पाटणकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी, मुंबईच्या आयआयटीतून १९६४ मध्ये एम.टेक. आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून १९६७ मध्ये डॉक्टरेट. वाहत्या हवेच्या गणितात एक कोंबडी आधी की अंडं आधी असा पेच आहे. वेग काढायला दाब माहीत हवा आणि दाब काढायला वेग. पाटणकर आणि त्यांचे गुरू ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये त्यावर जी रीत दिली तिचं नावच 'सिंपल'. दाबाचा अंदाज धरा. त्यावरून वेग काढा. प्रत्येक चौकोनात हवेचा जमाखर्च जुळतो का बघा. जुळत नसेल तर जेवढा फरक तेवढा दाब दुरुस्त करा आणि पुन्हा वेग काढा. तोफखान्यातल्या माणसाला ही रीत लगेच पटते. पहिला गोळा हिशोबाने सोडायचा. पुढे बसलेला निरीक्षक सांगतो, दोनशे मीटर पुढे पडला. दुरुस्ती करायची, दुसरा सोडायचा. फरक मिटेपर्यंत हेच. पाटणकरांचं १९८० चं पुस्तक आज जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वाचलं जातं. पॉलीहाऊसवर ही पद्धत जपानमधल्या संशोधकांनी १९८९ मध्येच वापरून पाहिली होती. पुढे संगणक स्वस्त झाले तशी ती पसरली.

आता तुम्ही म्हणाल, याला महासंगणक लागत असेल. बनारसला तोही आहे. आयआयटी बीएचयूमध्ये २०१९ पासून परम शिवाय नावाचा महासंगणक चालू आहे. राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतला हा पहिला, आणि तो उभारला पुण्याच्या सी-डॅकने. १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० बनवणारी संस्था ती हीच. पण आमच्या कामाला एवढ्याची गरज नव्हती. माझी पुतणी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिने ओपनफोम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाकडून त्याचं शिक्षणसाहित्यही मिळतं. तिने सगळं घर न घेता पूर्व-पश्चिम असा त्याचा एक उभा काप घेतला, पावाच्या लादीतून एक चकती कापावी तसा. त्यात चाळीस हजारांच्या आसपास चौकोन पाडले आणि आपल्या रोजच्या लॅपटॉपवर रात्रभर गणित चालवलं. जाळीला तिने हवेची वाट थोडी अडवणारा पडदा मानलं आणि पिकाला स्पंजासारखा, हवा जिरपत जाते असा पट्टा. बाहेर पश्चिमेचा वारा, सेकंदाला दोन मीटर.

सकाळी तिचा फोन आला. "काका, तुमचं निदान चुकलं. मे महिन्यात वारा पश्चिमेचा आहे, फटी पूर्वेला आहेत. व्हेंट अगदी बरोबर काम करतायत. फरक चार अंशांच्या आसपास यायला हवा."

पण प्रत्यक्षात फरक नऊ अंशांचा होता. मी म्हटलं, मग तुझा संगणक खोटं बोलतोय. ती शांतपणे म्हणाली, "संगणकाला आपण जे सांगितलं तेवढंच तो बोलतो. आपण काय सांगायचं राहिलं ते तुम्ही जागेवर जाऊन बघा."

मी पुन्हा गेलो. या वेळी पाहणी करायची तशी केली. पॉलीहाऊसभोवती चारही बाजूंनी चालत फिरलो, मोजपट्टी घेऊन. पश्चिमेच्या पडद्यापासून पाच मीटरवर अडीच मीटर उंचीची विटांची भिंत होती. नीलगाई येऊन पीक खातात म्हणून बांधलेली. पहिल्या भेटीत ती मला दिसली होती, पण माझ्या लेखी ती पॉलीहाऊसचा भाग नव्हती. म्हणून मी पुतणीला सांगितलीच नव्हती. वाऱ्याला मात्र आपली हद्द कुठे संपते ते माहीत नसतं. भिंतीच्या आड वारा मंदावतो आणि तो परिणाम भिंतीच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो. इथे म्हणजे पंचवीस मीटर. आणि पडदा होता पाच मीटरवर.

दुसरी गोष्ट जाळी. बोटाने पुसली तर बोट काळं-तांबडं झालं. लूबरोबर येणारी धूळ आणि आजूबाजूच्या वीटभट्ट्यांची काजळी तिच्यावर बसली होती. चाळीस मेश म्हणजे एका इंचात चाळीस भोकं. ती आधीच बारीक, त्यात धूळ बसली की राहतं काय? बांधल्यापासून जाळी एकदाही धुतली नव्हती. धुवायची असते हे कोणी सांगितलंही नव्हतं.

भिंत आणि मळलेली जाळी गणितात घातली. रात्रभर गणित चाललं. सकाळी उत्तर आलं, साडेआठ अंश. आता संगणक आणि थर्मामीटर एकच बोलत होते. हे जुळलं म्हणजे तो काप विश्वासाचा झाला. आता त्याच्यावर पुढचे प्रयोग करता येणार होते. प्रत्यक्षात भिंत पाडून बघायला पैसे लागतात. संगणकात ती एका मिनिटात पाडता येते आणि पुन्हा उभीही करता येते.

पुतणीने एकेक गोष्ट वेगळी करून बघितली. फक्त जाळी धुतली तर? जवळजवळ दोन अंशांचा फायदा. भिंत तशीच ठेवून टॉप व्हेंट मोठे केले तर? थोडासा. भिंतीऐवजी तारेचं कुंपण घातलं तर? सगळ्यात जास्त. म्हणजे ठेकेदार ज्यासाठी नवा खर्च सुचवत होता, ती छपरावरची कामं यादीत शेवटी आली. पाण्याचा पाईप आणि मऊ ब्रश सगळ्यात वर आले.

सुभेदार साहेबांनी जाळी धुतली. पश्चिमेच्या भिंतीचा पॉलीहाऊससमोरचा भाग काढून तिथे नीलगाय येणार नाही अशी जाड तारेची जाळी लावली. पुढच्या मे महिन्यात तशाच दुपारी मधल्या गाळ्यातला फरक पाच अंशांवर आला होता. नऊचे पाच. संगणक साडेचार म्हणत होता. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं.

आता माझ्या निदानाचा तो बरोबर निघालेला अर्धा भाग. ऑगस्टसाठी पुतणीने वारा उलटा केला, पूर्वेकडून. मला वाटलं होतं, सगळं तुंबेल. तसं झालं नाही. एकूण किती हवा आली-गेली हे बघितलं तर आकडा फारसा घसरला नव्हता. पण चित्र बघितलं तेव्हा खरी गोष्ट कळली. पूर्वेचा वारा छपराच्या फटींतून आत शिरत होता, प्लास्टिकच्या खालून उंचावरूनच पळत पुढच्या फटीतून बाहेर जात होता. पिकाच्या उंचीवर, मधल्या दोन गाळ्यांत, हवा जागच्या जागी गोल फिरत होती. सरासरी ठीक, पण जिथे झाड उभं आहे तिथे ठीक नाही.

हे खरं की खोटं बघायला आम्ही बनारसमध्ये सगळ्यात सहज मिळणारी वस्तू वापरली, उदबत्ती. पुरवैया चालू असताना मधल्या गाळ्यात मिरचीच्या उंचीवर उदबत्त्यांचा जुडगा पेटवला. धूर तिथेच घुटमळत राहिला. तोच जुडगा बांबूला बांधून वर छपराजवळ नेला, तर धूर सरळ पश्चिमेकडे पळाला. सुभेदार साहेब बराच वेळ वर बघत उभे होते. म्हणाले, "दोन वर्षं मी याच्या खाली उभा आहे, आणि माझ्या डोक्यावरून काय जातंय ते मला माहीत नव्हतं." त्याच फटींतून पूर्वेची पावसाची झडही आत येत होती. दमट, थांबलेली हवा आणि ओली पानं एकत्र आली की बुरशी आलीच. पावसाळ्यात मधल्या गाळ्यांतच रोग का जास्त येतो, याचं उत्तर असं मिळालं.

दुसरं पॉलीहाऊस यावरून ठरलं. बत्तीस मीटर रुंदीऐवजी चोवीस, कारण घर जितकं रुंद तितकी मधल्या झाडांपर्यंत पोचेतो हवा दमते. लांबी चाळीस मीटर. क्षेत्र थोडं कमी झालं. माथ्याच्या दोन्ही बाजूंना फटी, आणि त्यांना खालून दोरीने गुंडाळता येणारे पडदे. पछुआ असेल तर पश्चिमेची फट बंद, पुरवैया असेल तर पूर्वेची. वारा पडला की दोन्ही उघड्या. खर्च वाढला. सुभेदार साहेबांना तो जड गेला, पण निदान कशासाठी देतोय हे त्यांना माहीत होतं.

आता मर्यादा सांगितल्या नाहीत तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल.

पहिली. वारा कितीही खेळवा, तो पॉलीहाऊसला बाहेरच्यापेक्षा थंड करत नाही. त्याला साधारण बाहेरच्या तापमानापर्यंतच आणता येतं. लूमध्ये बाहेर चव्वेचाळीस असेल तर वायुवीजन हा उपाय नाही. तिथे शेडनेटची सावली, फॉगर असे दुसरे उपाय लागतात. फॉगर कोरड्या मे महिन्यात चालतो. दमट ऑगस्टमध्ये वाफ व्हायला जागाच नसते, तेव्हा तो पानं ओली करण्यापलीकडे काही करत नाही. सुभेदार साहेब आता मे-जूनमध्ये घर रिकामं ठेवतात. ओल्या वाफ्यांवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हाने माती तापवून घेतात, म्हणजे मातीतले रोगजंतू कमी होतात.

दुसरी. आम्ही घेतला तो एक काप होता, पूर्ण घर नव्हे. तिरका वारा, टोकाच्या भिंती, आतला दरवाजा, हे त्या कापात दिसत नाही. ते बघायचं तर पूर्ण घराचं गणित लागतं. त्याला चौकोन लाखांनी लागतात, संगणक मोठा लागतो आणि माणूस अनुभवी लागतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. मोजमापाशिवाय या रंगीत चित्रांना काही किंमत नाही. लाल-निळे रंग बघून माणूस भारावतो. आमचं पहिलं चित्रही सुंदर होतं आणि चुकीचं होतं. थर्मामीटर नसता तर आम्ही ते खरं मानून बसलो असतो.

तुमच्याकडे पॉलीहाऊस असेल किंवा बांधायचा विचार असेल, तर लॅपटॉप उघडण्याआधी या गोष्टी करा. आसपासच्या चारशे-पाचशे मीटरमधल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, कोणत्या महिन्यात वारा कुठून येतो. एका बांबूला फीत बांधून वर्षभर रोज दुपारी दिशा लिहून ठेवा. भिंत, झाडं, गोठा, शेजारचं पॉलीहाऊस यांची उंची आणि अंतर मोजा आणि नकाशा करणाऱ्याच्या हातात द्या. प्रत्येक गाळ्यात पिकाच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगा. त्याच्यावर उलटा पांढरा कप लावून सावली करा, कारण उन्हात टांगलेला थर्मामीटर हवा मोजत नाही, ऊन मोजतो. बाहेर सावलीत आणखी एक ठेवा. दोन्हींचा फरक लिहा. खालचे पडदे आणि वरच्या फटी मिळून उघडी जागा घराच्या क्षेत्रफळाच्या पंधरा ते पंचवीस टक्के आहे का ते मोजा. जाळी धुवा. एवढं केलंत की अर्ध्या तक्रारींची उत्तरं तिथेच मिळतील. उरलेल्यांसाठी इंजिनिअरकडे गेलात तर तो तुमच्याकडून खरे आकडे घेऊन बसेल, अंदाज नाही.

मी लेहला होतो तेव्हा पॉलिथिनखाली वाढवलेली हिरवी भाजी जवानांच्या ताटात आली की काय आनंद व्हायचा ते बघितलं आहे. डीआरडीओची तिथली प्रयोगशाळा यावर कित्येक वर्षं काम करते आहे. तिथे सगळी धडपड ऊब आत धरून ठेवण्याची. बनारसला सगळी धडपड ती बाहेर काढण्याची. प्लास्टिक तेच, जाळी तीच. बदलतो तो मुलूख. म्हणून नकाशा दुसरीकडून आणायला हरकत नाही, वारा मात्र आपल्याच शेतातला मोजून घ्यावा लागतो.

या हंगामात सुभेदार साहेबांच्या नव्या घरात बिनबियांची काकडी आहे. परवा फोनवर म्हणाले, पुरवैया सुरू झालीय, पूर्वेची फट बंद केली. मी विचारलं, जाळी? म्हणाले, "धो दी, साहब. हर पंद्रह दिन."

पुढच्या भागात फॉगर आणि दमट हवेचं गणित बघू. तोपर्यंत जय हिंद.